माशाचा गंध कुठून जातो?

महोदय,

रविवार पुरवणीतील मत्स्यबीजावरच्या लेखात मादीचा गंध ‘टर्मिनल नर्व्ह’ या नाकाकडून मेंदूत जाणाऱ्या बारीक नसेमार्गे नराच्या मेंदूत पोहोचतो, असे म्हटले आहे. हे जुने अनुमान आहे. या नसेच्या पेशी जीएनआरएच हे प्रजननाला चालना देणारे संप्रेरक बनवतात आणि घ्राणकंदाला (मेंदूतील वास ओळखणाऱ्या भागाला) खेटून असतात, म्हणून तसा समज झाला. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्डफिशवरील प्रयोगांत मात्र लैंगिक गंधद्रव्यांना या पेशींनी दाद दिली नाही; संदेश नेतो तो नेहमीचा घ्राणमार्ग. पीयूषिकेला (मेंदूखालच्या ग्रंथीला) एलएच हे अंडी सुटायला लावणारे संप्रेरक सोडायला लावणाऱ्या जीएनआरएच पेशी वेगळ्याच, मेंदूच्या प्रीऑप्टिक भागातल्या. त्यांचे तंतू थेट पीयूषिकेत उतरतात.

आपल्याकडे हॅचरीत रोहू-कटल्याला सालमन जीएनआरएचचे कृत्रिम रूप आणि डॉम्पेरिडोन हे औषध प्रजननासाठी एकत्र टोचतात. जीएनआरएच थेट पीयूषिकेला चालना देते आणि डॉम्पेरिडोन तिच्यावरचा डोपामाइनचा (एलएच रोखून धरणाऱ्या रसायनाचा) लगाम सैल करते, त्यामुळे इथे नाकाची गरज उरत नाही. पण म्हणून नाक निकामी झाले तरी चालेल, हा लेखातील सूर पटला नाही. याच कुळातल्या गोल्डफिशमध्ये अंडी सुटलेल्या मादीचा पाठलाग नर तिने पाण्यात सोडलेल्या प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकासारख्या द्रव्याच्या वासावरच करतो. पाण्यात विरघळलेले तांबे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असले तरी माशांच्या घ्राणपेशी मंदावतात, आणि मासा मरत नसल्याने ते कळतही नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांबेयुक्त बुरशीनाशक फवारून पंप नाल्यात विसळतात. तोच नाला प्रजनक माशांच्या तळ्याला मिळत असेल, तर पाणी आधी तपासून घ्यावे.

— एक मत्स्यबीज उत्पादक, रावेर (जि. जळगाव)