बोटीवरचा पंप आणि गच्चीवरची टाकी

ती. बाबा आणि ती. सौ. आई,

साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी बोट घेतल्याचं सांगितलं आणि आई, तू काही न बोलता फोन बाबांच्या हातात दिलास. बाबांनी दोनच गोष्टी विचारल्या, पाण्याची टाकी किती लिटरची आणि लाईट कुठून येते. तुझा आवाज येत नव्हता, त्यामुळे माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं आणि मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधले तांत्रिक भागही गाळू नका.

आई, आधी तुझ्यासाठी. पाण्यावरचं घर म्हटलं की तुला २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवतो. तुम्ही दोघं माळ्यावर आणि मी इथून नुसते फोन लावते आहे, ते मीही विसरलेले नाही. पण इथलं पाणी कृष्णामाईसारखं नाही गं. ग्रँड युनियन हा माणसांनी खणलेला कालवा आहे, लंडनपासून बर्मिंगहॅमपर्यंत १३७ मैलांचा. त्यावर बोट वर-खाली चढवायला-उतरवायला १६६ ठिकाणी दरवाजांचे बंधारे (लॉक) आहेत आणि जास्तीचं पाणी बाजूच्या सांडव्यावरून निघून जातं. बहुतेक ठिकाणी मी तळाला उभी राहिले तर पाणी छातीपर्यंत येईल. प्रवाह जाणवतही नाही. बोट पोलादाची आहे, तळाला १० मिलिमीटर आणि बाजूंना ६ मिलिमीटर जाडीची. दर चार वर्षांनी गॅस, वायरिंग, इंधन सगळं तपासून घेतल्याशिवाय परवानाच मिळत नाही. ते दरवाजे उघडायच्या कामाला मी लाइफ जॅकेट घालूनच उतरते. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, दर आठवड्याला बटण दाबून बघते.

भाड्याबद्दल पुन्हा सांगायला नको. पगाराचा मोठा वाटा दुसऱ्याच्या भिंतींवर जात होता आणि घर कधी रिकामं करायला सांगतील त्याचा भरवसा नव्हता. ठाण्याचं जे झालं ते झालं, त्यानंतर मला माझ्या नावाचं दार हवं होतं. बँकेचं कर्ज काढलेलं नाही. नोकरी तीच आहे, बर्कहॅमस्टेडचं स्टेशन कालव्याला लागूनच आहे, दवाखाना चालत जाण्याइतका जवळ. गणपतीला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जाईनच. हे सगळं तुम्हाला आधी विचारून करायला हवं होतं असं वाटलं असेल. विचारलं असतं तर तुम्ही काळजीपोटी नको म्हणाला असता आणि मला तुमचा शब्द मोडावा लागला असता. ते मला नको होतं.

आत ऊब आहे. कोळशाची शेगडी एकदा पेटवली की रात्रभर धग राहते. इंजिन चालवलं की त्याच्याच उष्णतेवर अंघोळीचं पाणी तापतं. गॅसवर कुकर लावते, वरण-भात रोज होतो, वेंब्लीहून डाळी आणते. तुझ्या देवांना खिडकीशेजारी कोनाडा केला आहे.

आता बाबा. टाकी पुढच्या टोकाला, साधारण ५०० लिटरची. धक्क्यावरच्या नळाला पाईप लावून भरते. पंप १२ व्होल्टचा, पडद्यावर चालणारा, त्याच्यातच प्रेशर स्विच. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप सुरू होतो, नळ बंद केला की दाब चढून थांबतो. लाईट धक्क्यावरच्या सॉकेटमधून २३० व्होल्ट येते. धक्का सोडला की छतावरचे सोलर पॅनेल आणि इंजिनावर वीज तयार करणारा अल्टरनेटर बॅटऱ्या भरतात. घरातल्या बॅटऱ्या वेगळ्या आणि इंजिन सुरू करायची वेगळी, म्हणजे दिव्यांनी घरातल्या उतरल्या तरी इंजिन अडत नाही. भरलेल्या बॅटरीला स्थिर असताना मीटर १२.७ व्होल्ट दाखवतं. १२.२ म्हणजे निम्मी, त्याखाली मी जाऊ देत नाही. डिसेंबरात सोलरवर विसंबता येत नाही, तेव्हा इंजिन चालवायचं. पण रात्री आठ ते सकाळी आठ धक्क्याला बांधलेल्या बोटीचं इंजिन चालवायचं नाही असा इथला नियम आहे, म्हणून संध्याकाळीच मीटर बघून ठेवते.

तुम्ही फोनवर ऐकलात तो टर्र आवाज पंपाचाच. सगळे नळ बंद असताना थोड्या थोड्या वेळाने क्षणभर चालायचा. याचा अर्थ कुठेतरी दाब गळतो आहे. पंपाच्या लगेच पुढचा व्हॉल्व्ह बंद करून बसले. तरीही पंप टुरटुरला असता तर दोष त्याच्या आतल्या झडपेत होता. तो गप्प राहिला, म्हणजे गळती पुढे. मग प्रत्येक जॉइंटखाली कोरडा कागद ठेवत गेले. गरम पाण्याच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंबाथेंबाने गळत होता. तो बदलला. शिवाय दाब सांभाळायच्या छोट्या टाकीतली हवा उतरली होती. लाईन रिकामी करून ती सायकलच्या पंपाने भरली, पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या किंचित खाली. सायकलच्या पंपाने, बाबा! तेव्हा तुम्ही इथे हवे होता असं फार वाटलं.

दुसरा दोष तुमच्यामुळे सापडला. नळ उघडला की दिवे मंद व्हायचे आणि धार बारीक यायची. ओळखीच्या बोटवाल्यांनी पंप बदल म्हणून सांगितलं. पंप बंद असताना मीटर लावला तर बॅटरीपाशी १२.६ आणि पंपाच्या टोकांनाही १२.६, म्हणजे सगळं ठीक. मग मला मळ्यातली विहीर आठवली. रात्रपाळीची लाईट यायची, तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचात, टॉर्च माझ्या हातात द्यायचात. टेस्टर पेटला तरी तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाहीत. होल्डरला दोन वायरी जोडलेला तो शंभरचा बल्ब लावायचात आणि म्हणायचात, "भार टाकल्याशिवाय तार खरं बोलत नाही." मी पोत्यावर झोपून जायचे आणि जाग यायची ती आईच्या कुशीत. तर मी नळ उघडून, पंप चालू ठेवून मीटर लावला. बॅटरी १२.४, पंपाची टोकं १०.२. दोन व्होल्टच्या वर वाटेतच जात होते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंपाच्या निगेटिव्हला लावली, बहुतेक सगळी घट तिथेच निघाली. तळाच्या ओलीने त्या जोडणीवर हिरवा गंज चढला होता आणि ती हाताला गरम लागत होती. कापून टाकली, कलईच्या तांब्याची जाड वायर घेतली, टोकाला नवा लग (धातूची कडी) दाबून बसवला. पंप जुनाच आहे आणि छान चालतो. अशी गरम जोडणी लाकडी फळीमागे राहिली असती तर काय झालं असतं हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून आता मी सगळ्या जोडण्या भार टाकून तपासते.

आता माझं ऐका. दादाने सांगितलं, बाबा अजूनही टाकी भरली का बघायला शिडीने वर चढतात. गुडघा तसा आणि पावसात गच्चीवर शेवाळ. हे आजपासून बंद. टाकीला आणि खालच्या हौदाला फ्लोट बसवून आपोआप चालू-बंद होणारा कंट्रोलर लावून घ्या, पैसे मी दादाकडे पाठवले आहेत. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवायचा आणि मोटरचं अर्थिंग तपासून घ्यायचं. मोटर नुसती घुमून फिरत नसेल तर ताबडतोब बंद करायची. मोटरच्या पंख्यात स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवायची नाही, आई, तू बघत असशील तर त्यांना थांबव. बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, वायरमनला बोलवा. तुमच्या हाताला कसब आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही, मी त्याच हातांकडे बघून शिकले. पण आता दुसऱ्याकडून करून घ्या आणि तुम्ही खुर्चीवर बसून चुका काढा.

आई, रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घे, पूजा आटपेपर्यंत थांबू नकोस. पुढच्या मे महिन्यात दोघांनी यायचं आहे. बोटीवर राहायची सक्ती नाही, काठावरच खोली बघून ठेवली आहे, दिवसा फक्त चहाला आत ये. परत कायमची कधी येणार ते मला आत्ता सांगता येत नाही. पण दिवाळीला येते आहे, तिकीट काढलं आहे.

कंट्रोलर बसला की दादाला बोर्डाचा फोटो पाठवायला सांगा, झाकण उघडं ठेवून, जोडण्या दिसतील असा.

तुमची,
ताई