गप्प बसवण्याआधीची शिस्त

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दुसरीचा वर्ग हाती आल्यापासून ‘गप्प बसा’ म्हणून म्हणून घसा बसतो आणि तरीही पाच मिनिटांत पुन्हा गलका सुरू होतो, असे तू लिहिले आहेस. ते वाचून मला माझी सुरुवातीची वर्षे आठवली. एकदा शेवटच्या बाकावरच्या मुलावर मी फळ्यापासूनच ओरडलो. तो क्षणभर दचकला, मग सगळा वर्ग त्याच्याकडे वळून पाहू लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान पसरले. माझे लक्ष मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मीच त्याला शिकवला होता, हे मला फार उशिरा कळले.

१९६८ साली मॅडसेन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे काही अमेरिकी संशोधकांनी, पहिलीच्या एका वर्गात नेमके हेच तपासले. शिक्षकांनी ‘खाली बसा’ असे जास्त वेळा म्हणायला सुरुवात केली, तेव्हा उठून उभे राहणाऱ्या मुलांची संख्या कमी न होता वाढली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नाही. योग्य वागणाऱ्या मुलांचे कौतुक आणि किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष या दोन्हींची जोड मिळाली, तेव्हाच वर्ग स्थिरावला. माझ्या मते आपल्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे : शिक्षकाचे लक्ष जिकडे जाते, तिकडचे वागणे वाढीस लागते.

कौतुक मात्र नेमके हवे. ‘शाबास, हुशार आहेस’ एवढे म्हटले की मुलाला बरे वाटते, पण आपण काय बरोबर केले हे त्याला समजत नाही. त्याऐवजी ‘तुझी वही उघडलेली आहे आणि तारीखही लिहून झाली आहे’ असे साध्या आवाजात म्हणून पाहा. मी हे म्हणतो तेव्हा शेजारच्या दोन बाकांवर वह्या उघडल्याचा आवाज मला ऐकू येतो. कोणालाही काही सांगावे लागत नाही. त्यातही जो मुलगा एरवी उशीर करतो, त्याने ज्या दिवशी वेळेवर वही उघडली असेल, त्या दिवशी त्याच्या बाकापाशी जाऊन तसे सांगायला मुळीच विसरू नकोस.

गलका बहुधा धडा चालू असताना होत नाही, तो एक काम संपून दुसरे सुरू होण्याच्या मधल्या वेळात होतो. जेकब कौनिन यांनी कितीतरी वर्गांचे निरीक्षण करून १९७० मध्ये लिहिले की, गडबड झाल्यानंतर चांगले शिक्षक काय करतात यात फारसे वेगळेपण नसते. त्यांचे वेगळेपण गडबड होऊच नये यासाठी आधी जे केलेले असते त्यात असते. सबंध वर्गावर त्यांची नजर फिरती असते, आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे ते मुलांना ताटकळत न ठेवता नेतात. म्हणून वह्या गोळा करणे, रांग लावणे, प्रश्न विचारण्यासाठी हात वर करणे या गोष्टी पाढे शिकवावेत तशाच शिकव : आधी स्वतः करून दाखव, मग दोन मुलांकडून करून घे, मग सगळ्यांकडून, आणि चुकले तर न रागावता पुन्हा एकदा. मी वर्षाचे पहिले दोन आठवडे यासाठी राखून ठेवतो. अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती तुला वाटेल, मलाही वाटली होती. पण तो वेळ पुढे भरून निघतो.

चांगल्या कामाबद्दल मुलाच्या नावापुढे चांदणी चिकटवायचे तक्ते आणि बक्षिसे यांबाबत मी सावध आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांना बक्षीस कबूल केले, आणि नंतर मोकळ्या वेळात त्याच मुलांचा चित्रे काढण्याकडचा ओढा कमी झालेला दिसला. जे मूल आवडीने वाचते, त्याला वाचण्याबद्दल चांदणी देऊ नकोस.

टोकावे लागतेच, ते मी नाकारत नाही. फक्त लांबून टोकू नकोस. बाकाशी जा, खाली वाक आणि त्या एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू सांग : ‘पेन्सिल खाली ठेव, तिसरे गणित सोडव.’ सांगून लगेच पुढे सरक, त्याच्या डोक्यावर उभा राहू नकोस. वर्गासमोर मान खाली न घालता ऐकण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. अशी हळू दिलेली समज मोठ्या आवाजातल्या समजेपेक्षा जास्त परिणाम करते, हे ओलिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्येच दाखवून दिले आहे.

सतत खोड्या करणाऱ्या ज्या एका मुलाबद्दल तू लिहिले आहेस, त्याच्याशी रोज दोन मिनिटे अभ्यास सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोल. त्याच्या वागण्याचा विषय त्यात काढूच नकोस. निदान दहा दिवस तरी हे सोडू नकोस.

सगळे एकदम करायला जाऊ नकोस. येत्या सोमवारी फक्त वह्या गोळा करण्यापासून सुरुवात कर. त्याला किती मिनिटे लागतात ते आधी घड्याळ लावून बघ, आठवड्याने पुन्हा बघ आणि दोन्ही आकडे मला कळव. मी वाट पाहतो.

तुझा मित्र