रकान्यातले शून्य: अमेरिकी संचार आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. ब्रेंडन कार,
अध्यक्ष, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, वॉशिंग्टन
यांस,

स. न. वि. वि.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या एका छोट्या दूरचित्रवाणी केंद्राच्या हिशेब विभागात मी नोकरीला होतो आणि दरवर्षी आपल्या आयोगाचा फॉर्म ३९५-बी, म्हणजे केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या वर्गवारीचा तक्ता, भरण्याचे काम माझ्याकडे येत असे. आडव्या ओळींत व्यवस्थापक, व्यावसायिक, तंत्रज्ञ, विक्री, कार्यालयीन कर्मचारी असे हुद्द्यांचे गट आणि उभ्या रकान्यांत स्त्री-पुरुष व वंश, असा तो तक्ता होता. पगारपत्रक शेजारी घेऊन कच्च्या कागदावर पेन्सिलीने रेघा मारायच्या आणि शेवटी बेरीज जुळवायची. आशियाई रकान्यात एकच रेघ पडे, ती माझी. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या लोकांच्या, रकान्यात रेघांना तोटा नव्हता, पण त्या सगळ्या तळाच्या ओळींत, म्हणजे सफाई करणारे, सामान हलवणारे आणि टेलिफोनवर बसणाऱ्या एक बाई यांच्या नावे. ज्या ओळीत वार्ताहर आणि संपादक येत, तिथे त्या रकान्यात मी तीन वर्षे शून्य लिहिले. कार्यालयात त्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. तरी ते शून्य सरकारी कागदावर उतरत होते.

या शून्याचा पाठपुरावा करणारी संघटना म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ हिस्पॅनिक जर्नलिस्ट्स. तिची स्थापना १९८४ सालची. त्याआधी चारच वर्षे, १९८० च्या जनगणनेत, हिस्पॅनिक वंशाचा प्रश्न प्रथमच देशातल्या प्रत्येक घराला विचारला गेला होता. मेक्सिकन, पोर्तोरिकन, क्यूबन अशा एकमेकांशी फारसे न जुळणाऱ्या मंडळींना एकाच शब्दात कोंबणारे ते नाव अनेकांना आजही रुचत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. पण मोजणी त्याच नावाने सुरू झाली, म्हणून संघटनेलाही तेच नाव चिकटले. तिच्या शिष्यवृत्ती निधीला रुबेन सालाझार यांचे नाव आहे. लॉस एंजेलिस टाइम्सचे स्तंभलेखक आणि केएमईएक्स या स्पॅनिश वाहिनीचे वृत्तसंचालक असलेले सालाझार २९ ऑगस्ट १९७० रोजी पूर्व लॉस एंजेलिसमधला युद्धविरोधी मोर्चा टिपायला गेले होते. सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसलेले असताना शेरीफच्या शिपायाने आत झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे डोक्याला लागून त्यांचा जीव गेला. इंग्रजी वृत्तपत्र आणि स्पॅनिश वाहिनी, दोन्हीकडे वजन असलेला पत्रकार त्या काळी विरळाच होता, म्हणून त्यांची जागा भरून काढायला एक माणूस पुरला नाही, संघटना उभारावी लागली.

या संघटनेच्या हाती सक्तीचा कायदा कधीच नव्हता, त्यामुळे तिने आकड्यांवर भर दिला. राष्ट्रीय वाहिन्यांच्या सायंकाळच्या बातम्या तपासून तिने जे अहवाल काढले, त्यांत लॅटिनो, म्हणजे ढोबळमानाने याच हिस्पॅनिक, लोकांविषयीच्या बातम्या वर्षानुवर्षे एक टक्क्याच्याही आत भरत होत्या. वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेने १९७८ मध्ये न्यूजरूममधील अल्पसंख्याकांचे प्रमाण लोकसंख्येइतके करण्याची मुदत २००० साल ठरवली, ती पुढे २०२५ पर्यंत लांबवली, आणि स्वतःचे सर्वेक्षण मात्र उत्तर देणारी वृत्तपत्रे घटत गेल्याने २०१९ नंतर थांबवले. ऐच्छिक मोजणीचे असे होते: ज्याला सांगण्यासारखे काही नसते, तो फॉर्म परतच पाठवत नाही.

आपल्या आयोगाचा फॉर्म मात्र सक्तीचा होता. २००१ मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर ती मोजणी स्थगित झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी ती पुन्हा सुरू केली, आणि मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने कायद्याने तसा अधिकारच दिलेला नाही असे म्हणत तो आदेश रद्द ठरवला. संपादकांनी समानतेसाठी ठरवलेले सालही तेच, २०२५. २०२४ मध्ये आपण विरोधात मत दिलेत आणि केंद्रवार आकडे जाहीर करण्यावर कडक आक्षेप घेतलात. त्या आक्षेपात तथ्य आहे, हे मी जुना कारकून म्हणून मान्य करतो. दहा-बारा माणसांच्या केंद्रात आशियाई रकान्यातली एकुलती एक रेघ कोणाची, हे सांगायला जाणकार लागत नाही.

पण त्यावर उपाय केंद्रांची नावे झाकण्याचा आहे, मोजणी सोडून देण्याचा नाही. २०२० च्या जनगणनेत या देशात ६ कोटी २१ लाख, म्हणजे १८.७ टक्के लोक हिस्पॅनिक होते. सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार २०१९ मध्ये माध्यम उद्योगात त्यांचे प्रमाण सुमारे १२ टक्के, तर इतर उद्योगांत १८ टक्के होते, आणि हे आकडेही सर्वसाधारण सर्वेक्षणांतून अंदाजाने काढावे लागले. आयोगाकडे परवानाधारक केंद्रांचा स्वतःचा हिशेब नाही. प्रसारण कंपन्यांच्या समावेशक धोरणांची, म्हणजे नोकरीत सर्व वंशांच्या व स्त्री-पुरुषांच्या सहभागासाठी आखलेल्या धोरणांची, चौकशी आपण २०२५ मध्ये सुरू केलीत. त्या धोरणांमुळे कोणावर अन्याय होतो, असे आपल्याला वाटते. तो होतो की नाही, आणि झालाच तर कोणावर, हे दोन्ही बाजूंना त्याच तक्त्यावरून कळू शकते.

अधिकार नाही असे न्यायालय म्हणते, तर तो काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, मागून घेता येतो. आयोगाने तशी स्पष्ट शिफारस करावी. आकडे राज्यवार किंवा बाजारपेठवार एकत्र करूनच प्रसिद्ध होतील अशी अट त्यात घालावी. आणि नवा फॉर्म आखताना हिस्पॅनिक पत्रकारांच्या संघटनेला बोलवावे. वार्ताहर, निर्माता आणि संपादक हे तिघे ‘व्यावसायिक’ या एकाच ओळीत बसवल्याने नेमके काय झाकले जाते, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे.

आपला,
टेक्सासमधील एक निवृत्त हिशेबनीस