योग शिकवताना आकडे बाजूला ठेवावेत

महोदय,

रथसप्तमी असो वा २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योगदिन, त्या दिवसांच्या बातम्यांत किती जणांनी किती सूर्यनमस्कार घातले याचे आकडे ठळकपणे दिलेले असतात. शिकवणाऱ्याने काय शिकवले आणि शिकणाऱ्याला आपल्या शरीराविषयी काय उमगले, याचा उल्लेख सहसा नसतो. हीच दृष्टी आता सोसायट्यांच्या सभागृहांत आणि शाळांच्या तासिकांतही उतरली आहे. मध्यमवयीन आणि ज्येष्ठ स्त्रियांचे योगवर्ग घेणारी शिक्षिका या नात्याने त्याविषयी लिहावेसे वाटते.

सूर्यनमस्कारांना माझा विरोध नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा हिरिरीने प्रसार केला आणि व्यायाम म्हणून त्यांचे मोल कोणी नाकारणार नाही. प्रश्न आहे तो पन्नाशीत पहिल्यांदाच सतरंजीवर उभ्या राहणाऱ्या बाईला १०८चा संकल्प करायला लावण्याचा. अशी बाई बहुधा दिवसभर घरातल्या प्रत्येकाच्या औषधांच्या वेळा सांभाळत असते. आपला गुडघा दुखतो हे तिला जिना उतरतानाच आठवते. योगवर्गाचा पाऊण तास तरी तिला स्वतःकडे लक्ष द्यायला मिळावा. तेथेही शेजारणीइतके वाकण्याची धडपडच तिच्या वाट्याला येत असेल, तर तिने वर्गाला यावे कशाला?

पश्चिमोत्तानासनाचे, म्हणजे पाय समोर पसरून बसून पुढे वाकण्याच्या आसनाचे, उदाहरण घ्या. ‘अजून वाका, कपाळ गुडघ्याला लागू द्या’ अशी सूचना मिळाली, की मांडीमागचे स्नायू आखडलेली व्यक्ती पाठीला पोक काढते, श्वास रोखते आणि जबडा आवळते. कपाळ थोडे खाली जाते खरे, पण सारी ओढ कमरेवर येते. त्याऐवजी बैठकीखाली घोंगडीची घडी द्यावी, गुडघे किंचित वाकवू द्यावेत, पावलांना पट्टा लावावा आणि विचारावे, की ताण नेमका कुठे जाणवतो आहे, श्वास अडकतो आहे का? अडकला तर थोडे मागे यायचे, हा एवढा नियम अंगवळणी पडला तरी सुरुवातीचे काही महिने कारणी लागले असे मी समजते. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत आणि त्यांतही प्रयत्न सैल सोडण्याचा उल्लेख आहे. ती मुख्यतः ध्यानाच्या बैठकीविषयी आहेत हे मान्य, पण आसने शिकवणाऱ्यानेही ती विसरू नयेत.

या पद्धतीत नवे असे काही नाही. १९३७ साली पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, दोर, विटा, लोड, खुर्च्या यांचा वापर रूढ केला, त्यामुळे ताठरलेल्या किंवा आजारी शरीरालाही आसनात स्थिर राहता येऊ लागले. त्यांची शिस्त कडक होती (माझ्यासारखीला तर त्यांच्या वर्गाची धास्तीच वाटली असती), पण ती पावलाच्या कडेपर्यंत लक्ष नेण्याची शिस्त होती, संख्या गाठण्याची नव्हे. त्याआधी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामाचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासायला आरंभ केला होता. इतके काम महाराष्ट्राच्याच भूमीवर झालेले असताना आपल्या वर्गांत शिक्षकाने ध्वनिक्षेपकावरून अंक मोजावेत आणि साधकांनी कवायत करावी, हे खटकते.

शिवाय धोकेही आहेत. काचबिंदू असलेल्याने शीर्षासन करू नये आणि उच्च रक्तदाब असलेल्याने श्वास दीर्घकाळ रोखू नये, हे शिक्षकांना ठाऊक असते. पण दीडदोनशे जणांच्या मेळाव्यात कोणाला काय आहे हे विचारणार कोण? वेळ संपत आला की पहिली कात्री शवासनाला लागते, म्हणजे थकलेल्या माणसाला ज्याची सर्वाधिक गरज असते तेच नेमके वगळले जाते. शाळांत तर आसन किती हुबेहूब दिसते यावर गुण दिले जातात, आणि जन्मतः लवचीक असलेले मूल फारसे काही न शिकताच पहिले येते.

महापालिकांनी योगवर्गांसाठी सभागृहे जरूर द्यावीत, मात्र एका शिक्षकामागे वीस-पंचवीसांहून अधिक साधक नसावेत, प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाच्या आजारांची व शस्त्रक्रियांची नोंद घ्यावी आणि शेवटची दहा मिनिटे शवासनासाठी राखावीत, अशा अटी घालाव्यात. आपल्या वार्ताहरांनीही पुढच्या योगदिनी व्यासपीठावरील मान्यवरांबरोबरच मागच्या रांगेतील एखाद्या साधक महिलेशी बोलावे, अशी विनंती आहे.

आपली,
एक योगशिक्षिका, ठाणे