दोघांनी या

सदर, नागपूर

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. निवृत्तीनंतर तूही चर्चच्या मंडळीच्या सेवेसाठी इकडे यायचं म्हणतोस, हे वाचून आम्ही दोघांनी देवाचे आभार मानले. पण ‘मी एकटाच येतो, तुझी वहिनी घर सांभाळेल’ हे तुझं वाक्य मला काही पटलं नाही. का, ते सांगायचं तर आमचा दिवसच तुझ्यापुढे मांडावा लागेल.

पहाटे पाचला उठतो. चहा, शास्त्रपाठ, प्रार्थना. आठच्या सुमारास कस्तुरचंद पार्कवरून मेट्रो, अजनीला उतरून ऑटोने मेडिकल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला इथे लहानथोर सगळे मेडिकलच म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, पार बालाघाट-छिंदवाड्याकडून पेशंट येतात. एवढ्या मोठ्या आवारात नवखा माणूस बावरतोच. कुठला कागद कुठल्या खिडकीवर न्यायचा, रक्तपेढी कुठे, गावी निरोप कसा धाडायचा, या गोष्टींना आम्ही असतो. वॉर्डात पत्रकं वाटायची नाहीत आणि कोणी म्हटलं तरच प्रार्थना करायची, हे आम्ही पहिल्यापासून ठरवून घेतलं आहे. दुखण्यात असलेल्या माणसाला अडवून काही ऐकवणं मला योग्य वाटत नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. एटापल्लीकडची एक बाई, नवऱ्याला घरी सोडणार होते. बोली माडिया, मराठी जेमतेम. हातात गोळ्यांची पाकिटं. मी समोर उभा राहून पुन्हा पुन्हा समजावलं. ती पदर तोंडाशी धरून नुसती मान हलवत राहिली. हिने, माझ्या बायकोने, मला बाजूला केलं आणि ती तिच्याजवळ जमिनीवरच बसली. जन्मभर नर्सची नोकरी केलेली बाई, तिला कळलं काय अडतंय ते. पेन काढून एका पाकिटावर डोंगरातून उगवणारा सूर्य काढला, दुसऱ्यावर माथ्यावरचा, तिसऱ्यावर चंद्रकोर. त्या बाईने तिसरं पाकीट निरखून पाहिलं, आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली, हिच्याकडून पेन घेतलं आणि चंद्राशेजारी एक ताट काढलं. रात्री, जेवण झाल्यावर! दोघी हसायला लागल्या. मग तिने मोडक्यातोडक्या मराठीत, हाताच्या खुणांनी, आपलं स्वतःचं दुखणं हिला सांगितलं. अंगावर काढलेलं, बायकांचं. मी तिथे उभा असतो तर ते तिने जन्मात सांगितलं नसतं. त्याच दिवशी हिने तिला तपासायला नेलं.

हिस्लॉपसाहेबांचं नाव तू कॉलेजमुळे ऐकून असशील. १८४५ साली ते मिशनरी म्हणून नागपुरात आले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले, आणि त्यांच्या नावाचं कॉलेज पुढे १८८३ साली निघालं. पण मला ते जवळचे वाटतात ते वेगळ्या कारणाने. गोंड लोकांची भाषा, त्यांची गाणी त्यांनी ऐकून उतरवून घेतली होती. ती टिपणं त्यांच्या मागे १८६६ मध्ये छापली गेली. आधी ऐकायचं, ही शिकवण या गावाला जुनीच आहे.

दुपारी घरी येऊन जेवण आणि थोडी आडवी पाठ. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलरसमोरून उठवत नाही, हे तुला आधीच सांगून ठेवतो.

संध्याकाळी घरभेटी. मुलं पुण्या-बेंगळुरूला आणि म्हातारी माणसं इथे, अशी घरं मंडळीत बरीच. एक आजी दर खेपेला स्तोत्र १२१ वाचायला लावतात. एखादी ओळ गाळली तर डोळे मिटलेले असतानाही टोकतात. वाचन झालं की म्हणतात, “भाऊ, आता तुम्ही बाहेर बसा बाप्पा.” आणि मग हिच्यापाशी मन मोकळं करतात. मी अंगणात बसतो. उलट रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, बायको गेल्यापासून बायकामाणसांसमोर तोंडच उघडत नाहीत. त्यांची दाढी मी करून देतो. फेस लावून वस्तरा फिरायला लागला की ते बोलू लागतात, मुलाबद्दल, बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल. त्या वेळी ही स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी वरणभात लावते.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतले अक्विला आणि प्रिस्किल्ला आठव. राहुट्या करणारं जोडपं. करिंथात पौल त्यांच्याच घरी राहिला. रोमकरांस पत्र लिहिताना तो त्यांना सलाम सांगतो तेव्हा बायकोचं नाव आधी घेतो. ते वचन आपण लहानपणापासून वाचत आलो. मला त्याचा उलगडा इथे, वॉर्डात झाला.

रविवारी उपासनेनंतर कधी कधी ऑल सेंट्स कॅथेड्रलकडे फेरी मारतो. २९ नोव्हेंबर १९७० ला याच गावात सहा चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा आपण शाळेत होतो.

पैशाचं विचारलंस. मानधन नाही. खोली आणि विजेचं बिल मंडळी बघते, बाकी पेन्शनवर भागतं. नातवाच्या आठवणीने हिचे डोळे भरतात, तेही खरं आहे. फोनवर समाधान होत नाही. तरी परत जाऊ या, असं तिने अजून म्हटलेलं नाही.

वहिनींनी इतकी वर्षं बालवाडी चालवली. मेडिकलमध्ये आईच्या उशाशी दिवसभर ताटकळलेली पोरं असतात, त्यांच्याकडे बघायला आमच्यात कोणी नाही. तुझ्या येण्याने मला सोबत होईल, पण काम वहिनींचं पडून आहे. दिवाळीनंतर या, थंडी सुरू झालेली असेल आणि आंबिया बहाराची संत्री बाजारात असतील. शेजारची खोली रिकामी आहे, पाळकसाहेबांशी बोलून ठेवतो.

आणि हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नकोस. त्यांच्या हातात दे. उत्तर त्यांच्याच हातचं येऊ दे.

तुझा,
जुना सोबती