शिक्षणमंत्री साहेब, वर्कशॉपमध्ये शिकवणारा मास्तर तयार कुठे होतो?

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. त्याआधी मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग बीई, मग चाकणला एका छोट्या कंपनीच्या टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवायचा विभाग) सहा वर्षं, आणि तिशी ओलांडल्यावर बीएड. लोक विचारायचे की चालू नोकरी सोडून मास्तर कशाला होतोस, तर मला पोरांना हाताचं काम शिकवायचं होतं, म्हणजे मोजायचं कसं, कापायचं कसं, जोडायचं कसं आणि मुळात बनवायचं काय हे ठरवायचं कसं, एवढं एकच डोक्यात होतं. आणि बीएडच्या अॅडमिशनलाच कळलं की या विषयाचा शिक्षक व्हायचा रस्ताच आपल्याकडे नाहीये.

अॅडमिशन घेताना मेथड, म्हणजे कोणते विषय शिकवायला शिकायचं ते, निवडायच्या असतात. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, विज्ञान, गणित. मी खिडकीवर विचारलं की टेक्निकलची, वर्कशॉपची मेथड आहे का, तर म्हणाले बीई आहात ना, मग विज्ञान-गणित घ्या. घेतलं. दोन वर्षांत सूक्ष्म अध्यापन झालं, सेतू पाठ झाले, सराव पाठ झाले, टाचणांच्या वह्या भरल्या, इंटर्नशिप झाली, आणि त्या सगळ्याला मी नावं ठेवणार नाही, प्रश्न कसा विचारावा, फळा कसा वापरावा, शेवटच्या बाकावरच्या पोराला धड्यात कसं आणावं हे मी तिथंच शिकलो. पण त्या दोन वर्षांत एकदाही कुणी मला हातात कानस, म्हणजे लोखंड घासायचं हत्यार, देऊन चाळीस पोरांपुढे उभं केलं नाही. कार्यानुभव म्हणून आम्ही कागदी पाकिटं आणि आकाशकंदील केले, फाइलवर सही झाली, विषय संपला.

शाळेत लागलो तेव्हा इमारतीच्या मागे एक बंद खोली होती. जुन्या लोकांना आठवत असेल, एके काळी पोरं 'मी टेक्निकलला आहे' असं छाती पुढे काढून सांगायची, टी-स्क्वेअर आणि ड्रॉइंग बोर्ड घेऊन एसटीत चढायची. आमची खोली त्याच काळातली. कुलूप काढलं तर आत चार व्हाइस (तुकडा घट्ट पकडायचे शिकंजे) बसवलेलं जाड लाकडी टेबल, गंजलेल्या कानशी, दोन हॅक्सॉ (लोखंड कापायच्या करवती), एक बेंच ड्रिल. शिकवणारे सर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही, बास. हेडसरांनी परवानगी दिली, मी रॉकेल आणि वायरब्रश घेऊन दिवाळीची सुट्टी त्यात घालवली, आणि नववीला आठवड्यातून जोडून दोन तास घ्यायला लागलो. जोडून घ्यावेच लागतात, कारण पस्तीस मिनिटांच्या एका तासात हत्यारं काढायला दहा आणि मोजून परत ठेवायला दहा मिनिटं जातात, हे वेळापत्रक बनवणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मला काम येत होतं. टूलरूममध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा तुकडा काटकोनात घासायला काय लागतं? पण पहिल्या दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की काम येणं वेगळं आणि ते शिकवता येणं पूर्ण वेगळं. एखाद्या पोराचं चुकतंय दिसलं की मी त्याच्या हातातली कानस घ्यायचो आणि स्वतः घासून द्यायचो, तुकडा चकाचक व्हायचा आणि पोरगं होतं तिथंच राहायचं. एक मुलगी होती, तिचा तुकडा नेहमी मधे उंच आणि कडांना उतरता यायचा. नव्या हाताचं असंच होतं, कानस पुढे जाताना झोका खाते. मी तीनदा सांगितलं, हात सरळ ठेव. काही फरक नाही. मग एक दिवस मी गप्प बसलो आणि तिला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून तुकडा खिडकीकडे धरायला सांगितला. गुण्याच्या पात्याखालून दोन्ही टोकांना उजेडाची बारीक रेघ दिसत होती, मधे अंधार. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, सर, मधे टेकतंय. पुढचे दोन तास ती प्रत्येक आठ-दहा हातांनंतर खिडकीपाशी जाऊन बघत होती, पुढच्या आठवड्यात रेघ गेली. तिला मी काहीच शिकवलं नव्हतं, फक्त चूक कुठे बघायची ते दाखवलं होतं. हे मला बीएडला कुणी दाखवलं असतं तर आधीच्या दोन बॅचची पोरं वाया गेली नसती, हे मनाला लागून राहतं.

आणि सेफ्टी. साहेब, यावर मी जास्त बोलणार आहे कारण झोप उडवणारी गोष्ट हीच आहे. ड्रिलवर एका मुलीला भोक पाडायला उभं केलं होतं, ओढणीला पिन लावलेली होती, वाकल्यावर पिन सुटली आणि ओढणीचं टोक ड्रिलचा बिट धरणाऱ्या फिरत्या चकपासून वीतभर अंतरावर आलं. मी स्विचजवळ होतो म्हणून बंद केलं. मी स्विचजवळ होतो ही सवय कंपनीतली, आमचा सुपरवायझर पहिल्या दिवसापासून बाह्या दुमडायला लावायचा आणि मशीन चालू असताना हात स्विचपाशी ठेवायला लावायचा. पण कंपनीत एका मशीनवर एक माणूस असतो. अठ्ठेचाळीस पोरं, चार व्हाइस, एक ड्रिल, कुणी करवतीच्या रांगेत, कुणी उगाच हातोडी वाजवतंय, त्यात शिक्षकाने उभं कुठे राहायचं म्हणजे पाठ कुणाकडेच होणार नाही, काम नसलेल्या तीस पोरांना काय द्यायचं, हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून ठेवायची म्हणजे काय परत आलं नाही ते दारातूनच दिसतं, हे सगळं शिकवता येण्यासारखं शास्त्र आहे. मी ते चुका करत करत शिकलो. पोरांच्या बोटांवर प्रयोग करून शिकायची ही गोष्ट नाही.

आता तुम्ही म्हणाल एका शाळेचं काय सांगताय. तर साहेब, आयटीआयमध्ये फिटर शिकवायचा असेल तर निदेशकासाठी, म्हणजे तिथल्या शिक्षकासाठी, सीआयटीएसचा एक वर्षाचा कोर्स आहे, त्यात ट्रेडचं कामही असतं आणि शिकवायचं कसं हेही असतं. तिथली पोरं दहावी होऊन आलेली, एका तुकडीत वीसेक. आणि शाळेत, जिथं पोरं लहान आणि पट दुप्पट, तिथं मात्र पाच दिवसांचं सेवांतर्गत प्रशिक्षण झालं की चाललं, त्यातही बरंचसं प्रोजेक्टरवर. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरच्या वर पट असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचे असं लिहिलेलं आहे. अंशकालीन का असेना, पण त्या माणसाला शिकवायला तयार कोण करतं? नववी-दहावीला व्यवसाय विषय शिकवणारी बरीच मंडळी एजन्सीमार्फत येतात, त्यांना पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे माहीत नसतं, असा माणूस वर्कशॉप मनापासून कसं उभारेल सांगा.

आणि धोरण तर तुमच्याच बाजूने आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख, सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचं. एनसीईआरटीने २०२४ ला सहावीचं 'कौशल बोध' काढलं, त्यात सजीवांसोबतचं काम, यंत्रं आणि साहित्य यांचं काम, माणसांच्या सेवेचं काम असे तीन भाग आहेत, पुस्तक चांगलंय. शाळेत पोरांनी वस्तू बनवून बघायच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून येताहेत, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि २०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब सांगितल्यात. मशीनला पैसा आहे, पुस्तक आहे, जीआर आहे. आमच्या जवळच्याच एका शाळेत थ्रीडी प्रिंटर आला, पहिल्या आठवड्यात कीचेन-बिचेन छापल्या, मग प्लास्टिक बाहेर येतं ते नोझल चोक झालं, ते कसं साफ करायचं हे कुणाला माहीत नाही, आज त्यावर कापड टाकून ठेवलंय. तिथल्या विज्ञानाच्या मॅडमची काही चूक नाही, त्यांना बिचाऱ्यांना हे कुणी शिकवलंच नाही.

आपल्याकडे याची परंपरा नाही असंही नाही. १९३७ ला वर्ध्यात गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवायची नई तालीम मांडली ती आपल्याच मातीत. कोठारी आयोगाने साठच्या दशकात कार्यानुभव सांगितला, त्याचं पुढे आकाशकंदील झालं ते मी वर लिहिलंच. आणि पाबळ तर माझ्या घरापासून दीड तासावर. डॉ. श्रीनाथ कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून १९८३ ला त्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला आणि शाळेत आठवी ते दहावीला आठवड्यातला एक पूर्ण दिवस हाताच्या कामाला दिला, इंजिनिअरिंग, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य, चारही. शिकवायला गावातलीच कामं येणारी माणसं. पोरं वायरिंग करतात, वेल्डिंग करतात, मातीची तपासणी करतात, गावाला लागतं ते करून देतात. मी तिथं दोन दिवस राहून आलो आणि त्या दोन दिवसांत जे शिकलो ते सांगायला मला दुसरं पत्र लिहावं लागेल. चाळीस वर्षांहून जास्त काळ चालू असलेलं काम आपल्या राज्यात आहे आणि आमच्या बीएडच्या अभ्यासक्रमात त्याची एक इंटर्नशिपसुद्धा नव्हती.

इंग्लंडमध्ये डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा विषय १९९० पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे आणि त्याचा शिक्षक व्हायचं असेल तर त्याच विषयाचं शिक्षक-प्रशिक्षण घेता येतं. शिक्षक तिथंही कमी पडतात, म्हणून प्रशिक्षण घेणाऱ्याला सरकार पैसे देतं. त्यांच्याकडून मला एक गोष्ट फार पटली, डिझाइन. पोराला नुसतं 'हा स्टँड बनव' म्हणायचं नाही, आधी गरज शोधायला लावायची. मी हे नववीला करून बघितलं, वर्गात पाण्याच्या बाटल्या लवंडतात त्यावर काहीतरी करा म्हटलं. एका गटाने आधी पुठ्ठ्याचं मॉडेल केलं आणि त्यांना कळलं की स्टीलची बाटली त्यात बसतच नाही, सगळी मापं प्लास्टिकच्या बाटलीची घेतली होती. मग त्यांनी वर्गातल्या सगळ्या बाटल्यांचे घेर दोऱ्याने मोजले. याला मार्क कसे द्यायचे? माझ्याकडे प्रश्नपत्रिका आहे ती विचारते, हॅक्सॉची आकृती काढून भागांना नावं द्या. ज्याने हॅक्सॉ कधी धरला नाही त्याला दहापैकी नऊ पडतात आणि दोऱ्याने घेर मोजणाऱ्याला पाच.

साहेब, मागणं फार मोठं नाही. बीएडला तंत्रज्ञान आणि व्यवसाय शिक्षणाची एक स्वतंत्र मेथड काढा, आणि तिचे सराव पाठ फळ्यापुढे नकोत, वर्कशॉपमध्ये व्हायला पाहिजेत. त्यासाठी नवीन इमारती लागणार नाहीत, तालुक्यातालुक्यात सरकारी आयटीआय आहे, त्याचं वर्कशॉप सुट्टीत आणि संध्याकाळी वापरता येईल, फक्त तुमच्या आणि कौशल्य खात्याच्या माणसांना एका टेबलावर बसवा. चार वर्षांची पदवी असलेल्यांना एक वर्षाचं बीएड हे धोरणातच आहे, म्हणजे इंजिनिअर पोरांना हे परवडेल, आणि गावोगाव किती बीई झालेली पोरं रिकामी बसलीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्यांच्याकडे पदवी नाही पण हात आहे, आमच्या गावचा सुतार, गॅरेजवाला, शिवणकाम करणाऱ्या ताई, त्यांच्यासाठीही धोरणात मास्टर इन्स्ट्रक्टर म्हणून डाएटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत, छोटे कोर्स सांगितलेत, ते सुरू करा आणि त्यांना तासावर राबवू नका, नीट मानधन द्या. आणि हे सगळं करून संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकांच्या पदांत, या विषयाची जागाच नसेल तर शिकून तयार झालेला माणूस पुन्हा चाकणलाच जाईल, त्यामुळे जागा आधी.

पुढच्या वर्षीची बीएडची माहितीपुस्तिका निघेल तेव्हा मेथडच्या यादीत ही एक ओळ वाढलेली दिसू दे. आमच्या नववीतली ती गुण्यावाली मुलगी आता बारावीला आहे, मागच्या आठवड्यात शाळेत आली होती, तिला हेच शिकवायचंय म्हणाली, आणि सर अॅडमिशन कुठे घेऊ असं विचारत होती. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक
पुणे जिल्हा