आपला ०.०००१२५ हिस्सा

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, घर विकायचे एजंटचे कागद आले की सही करून टाक, मी सगळं बघितलंय." तू बघितलंस ते घर. छप्पर, एसी, फाउंडेशनला गेलेली चीर. घराच्या खाली काय आहे ते त्या यादीत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्येच तोडतोस आणि मग मी महत्त्वाचं सोडून भलतंच बोलत बसते.

आपल्याकडे शेतात विहीर खणली आणि तेल लागलं तर ते सरकारचं. आजोबांच्या सातबाऱ्यावर आंब्याच्या झाडांचीसुद्धा नोंद होती, पण तेलाचा रकाना नव्हता. टेक्सासचं निराळं. इथे वरची जमीन एकाची आणि खालची खनिजं दुसऱ्याची असू शकतात. दोघांचं बिनसलं तर कायदा खालच्याच्या बाजूने झुकतो, म्हणजे खनिजं काढायला जेवढी वरची जमीन वाजवीपणे लागेल तेवढी वापरायचा त्याला हक्क. पलीकडच्या नव्या कॉलनीत बिल्डरने घरं विकली आणि खनिजं स्वतःकडे ठेवली. त्या लोकांच्या वाट्याला रिगचा, म्हणजे विहीर खणायच्या यंत्राचा, आवाज आला, रॉयल्टी, म्हणजे निघालेल्या गॅसच्या किमतीतला हिस्सा, नाही. आपलं घर १९८४ सालचं. तेव्हाच्या मालकाने काही राखून ठेवलं नाही, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

खाली आहे बार्नेट शेल, साताठ हजार फुटांवरचा घट्ट खडक. त्यात गॅस आहे हे ठाऊक होतं, पण खडक तो सोडत नव्हता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीला कमी खर्चात, मुख्यतः पाण्याच्या दाबाने तो फोडायची युक्ती साधली. मग आडव्या विहिरी आल्या आणि फोर्ट वर्थमध्ये शाळा, चर्च, घरं यांच्या खालून पाइप जायला लागले.

मार्च २००८ मध्ये लँडमन आला. लँडमन म्हणजे कंपनीसाठी दारोदार फिरून लीज, म्हणजे खालचा गॅस काढू द्यायचे करार, गोळा करणारा माणूस. बाबांनी त्याला चहा आणि चिवडा दिला. सहीबद्दल एकरी ५००० डॉलर बोनस, २५ टक्के रॉयल्टी. आपला प्लॉट ०.२१ एकर, म्हणजे १०५० डॉलर. बाबांनी त्याच टेबलावर सही केली. फुकटचे पैसे, नाही कशाला म्हणायचं! जुलैपर्यंत गॅसचा भाव १३ डॉलरच्या वर गेला आणि शहराच्या काही भागांत एकरी २५,००० चे आकडे ऐकू यायला लागले. आपल्या कॉलनीतल्या ज्यांनी सही केली नव्हती त्यांनी गट केला, वकील धरला. मी बाबांशी दोन दिवस बोलले नाही. आणि मग ऑक्टोबरमध्ये बाजार कोसळला, कंपनीने गटाला दिलेली ऑफर मागे घेतली. पुढे त्यांना आपल्यापेक्षाही कमी मिळाले. त्यामुळे बाबा चुकले की जिंकले हे मला आजही ठरवता येत नाही. ते मात्र जन्मभर जिंकल्यासारखे वागले.

एक चूक मात्र नक्की होती. बाबांना वाटलं लीज तीन वर्षांची आहे. तीन वर्षं ही विहीर खणायची मुदत. एकदा गॅस लागला की जोवर तो परवडेल इतका निघतोय तोवर लीज चालूच. म्हणून ती अजून जिवंत आहे, आणि घर विकलं तरी राहील. प्रश्न एवढाच की तिची रॉयल्टी कुणाची.

विहीर आपल्या अंगणात नाही, लीजमध्येच लिहिलंय की आपल्या जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही. रिग उभी राहिली ती चर्चमागच्या मोकळ्या जागेत. रात्रभर दिवे असायचे, तुला जत्रा वाटायची. कंपनीने आजूबाजूचे प्लॉट एकत्र करून ५०० एकरांचं एक युनिट केलं. त्यातून निघालेला गॅस कुणाच्याही घराखालचा असो, वाटणी सगळ्यांत.

मग आली डिव्हिजन ऑर्डर. तुमचा हिस्सा किती, हे सांगणारा कागद. त्यावर होतं ०.०००१०५. बाबा पेन काढून तयारच, पण या वेळी मी कागद ओढून घेतला. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त सर्व्हेअर आजोबा राहायचे, त्यांना दाखवला. ते म्हणाले, रस्ता मोजला का? टेक्सासात रस्त्याला लागून प्लॉट असेल तर बहुधा रस्त्याच्या मध्यापर्यंतची खनिजं प्लॉटवाल्याचीच धरतात. प्लॉटची रस्त्याकडची रुंदी ७५ फूट, अर्धा रस्ता २५ फूट, म्हणजे साधारण ०.०४ एकर. ०.२१ चे झाले ०.२५. भागिले युनिटचे ५००, गुणिले रॉयल्टीचा पाव, ०.०००१२५. मी पत्र लिहिलं, प्लॅटची, म्हणजे प्लॉटच्या नोंदलेल्या नकाशाची, नक्कल जोडली, चार महिन्यांनी दुरुस्ती आली. महिन्याला तीन लाख डॉलरचा गॅस निघाला तर फरक सहा डॉलरचा. बाबा हसले. मी मात्र त्या सहा डॉलरचा दर महिन्याला हिशोब ठेवला.

चेकचा स्टब, म्हणजे सोबतची हिशोबाची चिठ्ठी, वाचायला शीक. तीन लाखांचा गॅस निघालेल्या महिन्याला ३७.५० दिसतील, हातात २६ येतील. मधले राज्याच्या करात आणि गॅस गोळा करणं, दाबणं, साफ करणं या खर्चात जातात. आपल्या लीजमध्ये 'विहिरीच्या तोंडाशी असलेली किंमत' असे शब्द आहेत, आणि त्यापुढचा खर्च त्या शब्दांमुळे आपल्यावर पडतो. १९९६ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असं प्रकरण गेलं होतं. त्या लीजांमध्ये वाहतूक खर्च कापू नये असंही लिहिलेलं होतं, तरी न्यायालयाने कपात कायम ठेवली. तीन-चार शब्दांनी एवढा फरक पडतो. नवी लीज करायची वेळ आली तर हे आधी बघायचं.

बाबा गेल्यावर चेक थांबले, आठवतं? पैसे बुडाले नव्हते, कंपनीने ते सस्पेन्समध्ये, म्हणजे मालक नक्की होईपर्यंत अडकवून, ठेवले होते. तलाठ्याकडे वारस नोंद होईपर्यंत फेरफार होत नाही तसंच. मी वारसाचं प्रतिज्ञापत्र काउंटी क्लर्ककडे नोंदवलं, त्याची प्रत कंपनीला पाठवली, तेव्हा कुठे साचलेले मिळाले. माझ्यामागे तुलाही हेच करावं लागेल. पत्ता बदललास तर कंपनीला कळव, नाहीतर बेवारस रक्कम काही वर्षांनी राज्याच्या कंट्रोलरकडे जमा होते.

आता मुद्द्याचं. घर विकण्याच्या करारात खनिजांबद्दल काहीच लिहिलं नाही तर ती घराबरोबर जातात. राखून ठेवायची असतील तर एक वेगळी पुरवणी जोडावी लागते. एजंट ती आपणहून काढणार नाही, त्याला कमिशन घराचं. तू माग. त्यात वरच्या जमिनीच्या वापरावरचा हक्क सोडतो असं लिहून दे, म्हणजे घेणारा बिचकणार नाही.

तू म्हणशील, गेल्या वर्षी सगळे मिळून ९२ डॉलर आले, कशाला एवढं? खरं आहे. पण गेल्या महिन्यात दोन पाकिटं आली. एकात खनिजं ६०० डॉलरला विकत घ्यायची ऑफर, सोबत नोटरीच्या जागेसकट तयार खरेदीखत. दुसऱ्यात चेकसारखा दिसणारा कागद, मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं की तो वटवला की खनिजं विकली. इतकी वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही, आताच का? म्हणून मी टेक्सासच्या रेलरोड कमिशनच्या नकाशावर गेले. नाव रेल्वेचं, काम तेल-गॅसचं, मला अजून हसू येतं. चर्चमागच्या जागेवर नव्या विहिरीचा परवाना दिसतोय. मी सांगते म्हणून नको, तूच बघ. नकाशा सगळ्यांना खुला आहे. विहीर होईलच असं नाही, पण पाकीट पाठवणाऱ्याने तो नकाशा आपल्याआधी बघितलाय.

विकायचंच असेल तर दोन-तीन जणांकडून आकडा घेऊन विक, माझी ना नाही. पण गप्प राहिल्यामुळे गेलं असं नको.

मूळ लीज, दुरुस्त डिव्हिजन ऑर्डर आणि सगळे स्टब देवघराखालच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये. चेकसारखा कागद मी आडवा फाडून त्यातच ठेवलाय, तुला मागची बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून. एजंटला शुक्रवारच्या आत ईमेल कर, फोन नको. आणि मला त्यात कॉपी कर.

तुझी,
आई